उभा राहून म्हणाला की बसून?

माऊनच्या विमानतळाच्या कुंपणाला लागून आमच्या कंपनीची पत्र्याची कचेरी आहे. तिथे वजनकाट्यावर मी बसते, एकोणीस वर्षं झाली. नदीच्या डेल्टातल्या सफारी कॅम्पांवर जाणारा पाहुणा असो की त्याची बॅग, माझ्या काट्यावरून गेल्याशिवाय छोट्या विमानात चढत नाही. आपलं वजन सांगताना सगळेच खोटं बोलतात, आणि पुरुष जरा जास्तच. त्यामुळे माणूस ओळखण्यात माझा, म्हणजे म्मा तिरोचा, हात कुणी धरणार नाही, असं मला वाटायचं. बोनोलो येईपर्यंत वाटायचं.

मार्च उजाडला की आमच्याकडे नवशिक्या पायलटांची रीघ लागते. जेमतेम दोनशे तास उडालेली पोरं. मोठ्या कंपन्या त्यांना दारात उभं करत नाहीत, म्हणून इथल्या वाळूच्या धावपट्ट्यांवर तास जमवायचे आणि मग आम्हाला विसरायचं, असा त्यांचा बेत. गोरी पोरं, इस्त्रीचे शर्ट, हातात फाइल. आमचे मुख्य पायलट कॅप्टन कॉलिन त्यांना 'नाही' म्हणतात. दुसऱ्या दिवशी ती पुन्हा हजर. पुन्हा 'नाही', पुन्हा हजर, वर मला विचारणार, "म्मा, चहा आहे का?" आमच्या गावातली गाढवंसुद्धा दोनदा हाकलली की जातात.

बोनोलो त्या शुक्रवारी अकराला आली. गुमारेची पोर, सरकारी शिष्यवृत्तीवर उडायला शिकलेली, नावावर दोनशे चौदा तास. फाइल पुढे करताना तिनं डावा हात उजव्या कोपराखाली धरला, मोठ्यांना काही देताना आमच्यात धरतात तसा. एवढ्यावर मी ओळखलं की ही वळणात वाढलेली आहे आणि हिला नोकरी मिळणं कठीण आहे.

"आधी किती दारं फिरलीस?" मी विचारलं.

"सगळी, म्मा. हे शेवटचं."

"आणि इथे नाही झालं तर?"

"मालोमेनं गुमारेला जमीन मंडळात कारकुनाची जागा धरून ठेवलीय. सोमवारी हजर व्हायचंय. दोनची बस चुकली तर शनिवार-रविवार बस नाही, सोमवार गाठता यायचा नाही." मग हळूच म्हणाली, "एकदा तिथे बसले की उठणं नाही व्हायचं. माझा मालोमे कसा आहे तुम्हाला ठाऊक नाही."

मालोमे म्हणजे आईचा भाऊ, घरात त्याचा शब्द शेवटचा. तो कसा असतो ते आमच्याकडे कुणाला सांगावं लागत नाही. मी तिला आत पाठवलं.

वीस मिनिटांनी बाहेर आली ती भांबावलेली. धड हसत नव्हती, धड रडत नव्हती.

"काय झालं?"

"माहीत नाही, म्मा."

"माहीत नाही म्हणजे? आत तूच होतीस ना?"

"त्यांनी विचारलं, उतरायचंय आणि पट्टीवर हत्ती उभा आहे, काय करशील? मी म्हटलं, टाकीत तेल किती आहे ते बघेन आणि वर घिरट्या घालेन. घर त्याचं आहे, पाहुणी मी आहे. ते खूप हसले. मग फोन वाजला, तर म्हणाले, 'गो सियामे.'"

"मग?"

"मग काही नाही. गो सियामे."

आता आली पंचाईत. गो सियामे म्हणजे बरं आहे. काम पसंत पडलं, तर बरं आहे. उठून घरी निघालो, तरी बरं आहे. आमचं आम्हाला कळतं, कारण आवाज कळतो. पण कॅप्टन कॉलिन न्यूझीलंडचे. अकरा वर्षांत आमच्या भाषेतले तीन शब्द कमावले त्यांनी, आणि तिन्हींचा आवाज एकच.

"उभे राहून म्हणाले की बसून?" मी विचारलं.

"अर्धवट उठले होते. फोन लांब होता."

"हात मिळवला?"

"फोन उचलला."

तेवढ्यात विमानांत तेल भरणारे रा मोसू हात पुसत आले. त्यांना कुणी विचारलं नव्हतं. "हसले म्हणतेस ना? मग घेतलं तुला. माणूस हसून कुणाला घालवत नाही."

"तुम्ही गप्प बसा हो," मी म्हटलं. "हे लोक मयताला आले तरी हसतात. पोरी, फाइल परत दिली की ठेवून घेतली?"

"टेबलावरच राहिली. मी उचलावी की नाही, मला कळेना."

"तारीख सांगितली? गणवेशाचं काही?"

"नाही."

"आत जाऊन विचार सरळ," रा मोसू म्हणाले.

बोनोलोनं त्यांच्याकडे असं पाहिलं, जसं काही त्यांनी तिला खिडकीतून आत शिरायला सांगितलं होतं. "त्यांनी बोलणं संपवलंय, रा. मोठ्या माणसाला परत कसं विचारायचं, मला घेतलं का म्हणून?"

खरं होतं तिचं. मीही नसतं विचारलं. आणि मला विचारायची गरजच काय? मला सगळं कळत होतं.

"हे बघ," मी म्हटलं, "चार वर्षांपूर्वी बादिसा आला होता इथे. आमच्याच आळीतला, तुझ्यासारखाच शिकलेला. त्यालाही गो सियामे म्हणाले. तोही इथेच उभा राहून विचारत होता, म्मा, म्हणजे काय? मी सांगितलं, बाळा, निरोप दिला तुला, जा. गेला बिचारा, उगाच आशेवर राहिला नाही. आता गुमारेची बस चालवतो, बायको आहे, दोन मुलं आहेत. तूही ऊठ. बस चुकवू नकोस."

तिनं बॅग खांद्याला लावली. मग दोन्ही हातांनी माझा हात धरून म्हणाली, "गो सियामे, म्मा." हे निरोपाचं होतं. हे मला कळलं.

दीड वाजता कॅप्टन कॉलिन बाहेर आले. "ती मुलगी कुठे आहे?"

"गेली."

"गेली? तिला तीनला घेऊन उडायचंय मला. हात बघायचा आहे तिचा. मी ठीक आहे म्हणालो तिला."

"कॅप्टन, तुम्ही काय शब्द वापरलात?"

"गो सियामे. म्हणजे ठीक आहे. तूच शिकवलंस."

"आणि पाच वाजता घरी निघताना मी तुम्हाला काय म्हणते?"

ते "गो सियामे," असं पुटपुटले आणि माझ्या वजनकाट्यावरच टेकले. काटा अठ्ठ्याण्णववर गेला. कागदावर ते नव्वद लिहितात. "अकरा वर्षांत मला कुणी सांगितलं नाही."

"तुम्ही विचारलं नाहीत."

"मग तो मुलगा?" ते एकदम म्हणाले. "उंच, हळू बोलणारा. त्याला मी घेतलं होतं. तीन दिवस वाट पाहिली. मला वाटलं, ज्याला उडायचं असतं तो हाकललं तरी येतो, आणि हा बोलावूनही येत नाही. मग पुढे इथल्या मुलांचे अर्ज आले की मी..." त्यांनी हातानंच कागद बाजूला सारल्यासारखं केलं.

मला त्यांचा राग आला, आणि त्यांच्यापेक्षा माझा जास्त. माझ्याशी दिवसातून वीसदा गो सियामे म्हणणारा हा माणूस. चहा ठीक, वजन ठीक, सगळं ठीक. निघताना मात्र तो नेहमी आपल्याच भाषेत निरोप घ्यायचा, म्हणजे त्याचं गो सियामे निरोपाचं कधीच नव्हतं. हे मला तेव्हा का नाही सुचलं? कुणास ठाऊक. आजही डोकं खाजवते.

बोनोलोचा फोन बंद होता. रा मोसूंनी तेलाची पिकअप काढली आणि वाटभर "मी म्हटलं होतं" हे एवढंच बोलले.

बसस्थानकावर पोचलो तेव्हा दोनला सात मिनिटं कमी होती. बस भरली होती. बोनोलो मागून तिसऱ्या रांगेत, मांडीवर कुणाचं तरी कोंबडं घेऊन बसली होती. आणि स्टिअरिंगवर बादिसा. तोच चालवणार हे मला ठाऊक होतं. पण पिकअपमधून उतरेपर्यंत मी ते मनात येऊ दिलं नव्हतं.

"पोरी, उतर," मी दारातूनच म्हटलं. "ते ठीक आहेवालं होतं. तीनला उडायचंय तुला."

"नक्की, म्मा? मगाशी तुम्ही म्हणालात..."

"मगाशी मी गाढव होते. उतर."

ती कोंबडं शेजारणीकडे देऊन उतरली, तरी तिचा विश्वास बसत नव्हता. रा मोसूंना विचारत होती की कॅप्टन हे बसून म्हणाले की उभे राहून. टपावरची तिची बॅग बादिसानं स्वतः चढून काढली. खाली उतरून ती तिच्या हातात दिली आणि म्हणाला, "वारा पूर्वेचा आहे. उतरताना गाडी डावीकडे ओढेल, सांभाळ."

बोनोलो पिकअपमध्ये जाऊन बसली. मीही वळले. तेवढ्यात बादिसा म्हणाला, "म्मा तिरो."

"काय रे?"

"मला म्हणाले होते, ते कुठलं होतं?"

आवाज अगदी साधा होता. तिकिटाचे सुटे आहेत का विचारावं, तसा. त्याचं विमानाचं लायसन कधीच संपलं होतं. बसमधले लोक उकाड्यानं कुरकुरत होते. खरं सांगावं की खोटं, मला ठरवता येईना. तोंड उघडलं आणि जे बाहेर पडलं ते पडलं.

"गो सियामे, बादिसा."

त्यानं मान हलवली, बसमध्ये चढला आणि गाडी सुरू केली. त्यानं ते निरोपाचं समजलं की दुसरं, मला माहीत नाही. मी कुठलं म्हटलं होतं, तेही नाही.