वाटेतले देव

केडगावचे शामकांत गुरुजी मोठे भाविक. वाटेत देऊळ लागलं की उतरून माथा टेकल्याशिवाय पुढं जायचं नाही, हा त्यांचा जन्माचा नेम. ज्याच्या पखवाजाशेजारी बसून त्यांनी आयुष्यभर कीर्तनात पेटी वाजवली, तो दिगंबर निवृत्तीनंतर दिवेआगरला समुद्रकाठी एकटा राहत होता. आता मुलगी त्याला कायमचं बंगळुरूला नेणार होती. "दुपारच्या आत ये, शाम्या. शेवटचं एका पंगतीला बसू," असा त्याचा फोन आला आणि गुरुजी पत्नीला, मुलाला, नातीला घेऊन भल्या पहाटे मोटारीनं निघाले.

गणपती लागला, उतरले. मारुती लागला, उतरले. दत्ताच्या देवळात तर आरतीच सुरू झालेली!

"अहो, दिगंबरभावजी जेवायचे खोळंबले असतील," इंदूताई म्हणाल्या.

"म्हणून काय आरती अर्धी टाकून उठू?"

दिवेआगरला पोचले, तेव्हा ऊन कललं होतं आणि दाराला कुलूप होतं. गुरुजींनी घाबऱ्या घाबऱ्या फोन लावला.

"काय रे, भेटले का सगळे देव? मीच तेवढा राहिलो बघ!" दिगंबर हसला. मग म्हणाला, "लेकीला थांब थांब म्हणालो रे. विमान थोडंच थांबतं?"

नात मनवा लाटांत नाचत आजोबांना हाका मारत होती. गुरुजी वाळूत बसून होते. पांडुरंगा, पान वाढून वाट बघणाऱ्यातही तूच होतास रे, असं पुटपुटताना त्यांचे हात जोडलेलेच राहिले.