माळावरच्या खुंट्या

येसाजीचा सरकारी खुंटीवर काडीचा विश्वास नव्हता. बापाच्या वेळेस चार माणसं अशीच येऊन खुंट्या ठोकून गेली, मग चुन्याच्या रेघा पडल्या, आणि पुढच्या वर्षी घरामागचं भाताचं खाचर रस्त्याखाली गेलं. उरलं ते माळावरचं वरकस. नाचणी-वरी पिकवणाऱ्या त्या दीड एकरावर आता घर चाललं होतं.

एकाहत्तर सालच्या लढाईत, मार्गशीर्षात लष्कराची गाडी भिवपुरीच्या वरच्या माळावर चढली, तेव्हा गाव बघायला धावलं. येसाजी मात्र चाकं कुठं थांबतात तेवढंच बघत राहिला. ती नेमकी त्याच्या वरकसात थांबली आणि जवानांनी चाकांभोवती चार खुंट्या ठोकल्या. गाडीच्या टपावर लोखंडी जाळीचं भलंमोठं सूप होतं, ते गरगर फिरायचं.

"रडार म्हणत्यात ह्याला," गाडीवरचा हवालदार म्हणाला. तो साताऱ्याकडचा. "खाली पावरहाऊस हाय न्हवं? इमान लांब असतानाच हे सूप त्येला हेरतं, आन् आमी तोफांना दिशा सांगतो."

"आन् ह्या खुंट्या?"

"गाडी जागा बदलत ऱ्हाती, काका. परत आली की ह्याच खुंट्यांवर, उत्तरेचा नेम धरून उभी करायची. न्हाय तर इमान एकीकडं आन् मशीन दावतंय दुसरीकडं."

येसाजीनं मान डोलावली. रस्त्याचा साहेबही असाच गोड बोलायचा. आभाळातलं विमान हेरायला जमिनीत खुंट्या कशाला लागतात?

दोन दिवसांनी गाडी दुसरीकडे गेली. येसाजीनं चारही खुंट्या उपटल्या आणि चाळीस पावलांवर, गावच्या गायरानात तशाच चौकोनात, पण दिशा न बघता ठोकल्या. बापाला एवढी अक्कल सुचली असती तर खाचर वाचलं असतं, असं त्याला वाटलं.

"हाताला माती कसली?" बायकोनं, मोतीबाईनं विचारलं.

"बांध घातला."

"मार्गशीर्षात?"



गाडी पहाटेच्या अंधारात परत आली ती खुंट्या बघून गायरानात उभी राहिली. दुपारी आपलंच एक विमान चाचणीसाठी कर्जतकडून आलं. माळावरची माणसं ते डोळ्यांनी बघत होती आणि यंत्र ते खोपोलीकडे दाखवत होतं. गाडीवरचा सुभेदार खाली उतरला, त्यानं टेप लावून मोजलं, आणि खुंट्या कोणीतरी हलवल्याचं उघड झालं. हे शत्रूच्या माणसाचंच काम, असं तो म्हणाला.

संशय आला जैतूवर. जैतू वरच्या ठाकरवाडीतला, रोज मोळी घेऊन माळावरून उतरणारा. अठरा वर्षं तो येसाजीकडे राबाला, लावणीला येत होता. त्याला गाडीच्या चाकाशी बसवलं होतं.

"मी कशाला हलवू खुंट्या?" जैतू म्हणत होता. "माजी कुठं जमीन हाय?"

"वाडीवाल्यांचा काय भरवसा," शेजारचा नागू म्हणाला. "येसाजी, तुजा गडी हाय. तूच सांग रं, कसा हाय तो."

सगळे येसाजीकडे बघायला लागले. खरं बोलावं तर जमीन जाणार आणि वर आपल्यालाच हेर म्हणणार.

"मला काय ठावं," येसाजी म्हणाला.

जैतूनं त्याच्याकडे बघितलं. मग येसाजीच्या नखांतल्या मातीकडे बघितलं.

सुभेदारानं कर्जतच्या पोलिसांकडे द्यायला म्हणून जैतूचे हात बांधायला सांगितले. दोरीची पहिली गाठ पडली तेव्हा येसाजी पुढे आला.

"सोडा त्याला. खुंट्या मी हलवल्या. जमीन जाईल म्हणून."

"मग गायरानात कशाला ठोकल्यास?" हवालदारानं विचारलं.

"गायरान सगळ्यांचं हाय. वरकस माजं एकट्याचं."

"म्हंजे आमचं गेलं तरी चाललं तुला?" नागू म्हणाला.

जैतूला सोडलं. येसाजीकडून खुंट्यांची पहिली भोकं दाखवून घेतली, अंगठा घेतला, आणि लढाई संपेपर्यंत रोज सकाळी चावडीवर हजेरी द्यायला लावली. पंधरवड्यात लढाई संपली. गाडी घाट चढून गेली. वरकसाला कोणी हात लावला नाही.

फाल्गुनात राबाचे, रोपांसाठी पालापाचोळा घालून जमीन भाजायचे दिवस आले, तेव्हा येसाजी वाडीत गेला. जैतू अंगणात कोयत्याला धार लावत होता.

"उद्यापासून येतोस ना?"

"नागूकडं लागलो."

"नागू? तो तर तुज्यावर आळ घेत व्हता."

"घेत व्हता," जैतू धार बघत म्हणाला. "त्याला ठावं नव्हतं. तुला व्हतं."

त्या साली येसाजीनं राब एकट्यानंच भाजला.