ताई आणि टेकडीचा ठराव

प्रश्न विचारला की ताई चष्मा काढून पदराने पुसायला घ्यायची. "तुमचं म्हणनं काय हाये?" एवढंच विचारायची आणि पुसत बसायची. समोरचा बोलेपर्यंत चष्मा काही डोळ्यांवर चढत नसे. तहसीलदारापासून माझ्या बायकोपर्यंत सगळ्यांनी त्या चष्म्यापुढे हात टेकले होते. असं माणूस तुमच्याही गावात असेल. नसेल तर तुम्ही सुखात आहात.

कारंजाजवळच्या आमच्या गावात तिचं नि माझं घर भिंतीला भिंत लावून. मी वांगी-टमाटे पिकवतो. ती काय करते, हे गावाला कधी धड सांगता आलं नाही. तिची संस्था म्हणजे एक खोली आणि दोन सतरंज्या. कुणाचं रेशन अडलं, ठाण्यात एखाद्या बाईची तक्रार घेईनात, ओढ्यात कोणी घाण सोडली, की ताई निघाली. जायची माझ्याच भाजीच्या गाडीतून, आणि वाटेत दिसेल त्याच्यासाठी गाडी थांबवायची. माझी वांगी बाजारात पोचेपर्यंत गिऱ्हाईक घरी जाऊन जेवलेलं असायचं.

एकदा नागपूरला तिला लोकशाहीवर भाषण द्यायला बोलावलं. मीही गेलो, अशा ठिकाणी जेवण चांगलं असतं म्हणून. ताईने माइकपुढे उभं राहून भरल्या सभागृहाला विचारलं, "तुमचं म्हणनं काय हाये?" आणि चष्मा काढला. आयोजकांचे चेहरे पाहण्यासारखे झाले होते. शेवटी मागच्या रांगेतली एक बाई उठली आणि म्हणाली, माझ्या घरात माझं कोणी ऐकत नाही. मग लोक असे बोलायला लागले की जेवणं गार झाली.

तर टेकडीची गोष्ट. गावामागची टेकडी मुरमासाठी खोदायला द्यायची, असा ठराव ग्रामसभेत यायचा होता. टेकडीचं पाणी ओढ्याला आणि ओढ्याचं माझ्या विहिरीला. टेकडी गेली की माझी भाजी गेली, हे शेंबड्या पोरालाही कळत होतं. ताई घरोघर जाऊन तेच समजावत होती, त्यामुळे मी निर्धास्त होतो.

आमच्या सरपंचबाई वयाने लहान. पदर डोक्यावर घेऊन खुर्चीत बसायच्या त्या, आणि बोलायचे त्यांचे यजमान. गावाला सवयच झाली होती. त्या दिवशी ताईने विचारलं, "सरपंचबाई, तुमचं म्हणनं काय हाये?"

"आमचं म्हणनं असं हाये का..." यजमान उठले.

"भाऊ, मी तुमाले नाई इचारून राह्यली. तिले बोलू द्या."

ते पुन्हा उठले, ताईने पुन्हा बसवलं. चष्मा पुसून पुसून झिजायची वेळ आली. शेवटी सरपंचबाई अगदी हळू बोलल्या, "मले वाटते, खोदू द्या टेकडी. पान्यात रस्ता राह्यत नाई. मांगच्या साली माह्या जावेले खाटेवर टाकून दवाखान्यात नेलं. रस्त्याले मुरूम पायजे."

बायकांचे हात भराभर वर गेले. ठराव मंजूर झाला. ताई साफ हरली होती, आणि चेहरा असा की जणू लेकीचं लग्न ठरलंय.

मी तिला वाटेतच गाठलं. "ताई, काऊन बोलू देलं तिले? नवऱ्याले तं आपन वळवलं असतं. आता माह्या विहिरीचं काय?"

"तुह्या विहिरीचं मले लय वाईट वाटते," ती म्हणाली. "पन ती आज बोलली रे. चुकली तं चुकू दे. उद्या तेच तोंड दुसरंबी बोलन."

मी तिच्याशी अबोला धरला. ती मात्र रोज माझ्या गाडीत बसत होती.

मशिनी आल्या. रस्ता झाला, चांगला झाला. पण खोदणं थांबेना. मुरमाचे ट्रक हायवेकडे जाऊ लागले आणि ओढा बारीक होत गेला. ताई सरपंचबाईंना टेकडीवर घेऊन जायची. सांगायची काही नाही, नुसतं दाखवायची. मग हिवाळ्यात छातीत दुखायचं निमित्त झालं आणि ताई गेली. बायकांनी सतरंज्या धुऊन, घडी घालून ठेवल्या.

त्यानंतरच्या ग्रामसभेत सरपंचबाई स्वतःहून उठल्या. "रस्ता झाला. आता मुरूम बाहेर चालला, ओढा आटून राह्यला. खोदनं बंद करा लागते." यजमान काही सांगायला उठले. त्यांच्याकडे न पाहता त्या म्हणाल्या, "तुमी बसा." लोकांनी टाळ्या वाजवल्या, सगळ्यांत जोरात मी. अर्धी टेकडी वाचली होती, माझी विहीर वाचली होती.

परतताना ते यजमान पानठेल्यापुढच्या बाकड्यावर एकटेच दिसले. जरा चिडवावं म्हणून मी शेजारी टेकलो.

"त्या टायमाले ताईनं मले सभेत चूप बसवलं ना," ते म्हणाले, "त्याच संध्याकाळी घरी आलती. म्हने, भाऊ, तितं तुमाले बसवलं, आता सांगा तुमचं. मी आयकाले आली. लय वेळ आयकलं तिनं." ते रस्त्याकडे पाहत राहिले. "आज कोन येईन?"

ताई गेली तेव्हा मला रडू आलं नव्हतं. त्या बाकड्यावर आलं, आणि ते उठून घरी जाईपर्यंत मी त्यांच्याजवळ बसून राहिलो.