डावा कौल

हे मी कधी कुणाला सांगितलेलं नाही, असं गेल्या मंगळवारपर्यंत म्हणता आलं असतं. मंगळवारी एकीला सांगितलं. पण तिला एकटीला सांगून भागणार नाही, म्हणून लिहायला बसलोय. तुम्ही माझ्या ओळखीचे असाल, नसाल. वाचता वाचता कागद बाजूला ठेवावासा वाटला तर ठेवा. मला तो आता ठेवता येत नाही.

माझं वय अठ्ठ्याहत्तर. ताम्हिणीच्या रस्त्याला आमचं गाव, गावाच्या वरच्या अंगाला वाघजाईचं देऊळ. तिथं कौल लावायचा मान आमच्या घराकडे. देवीच्या दोन्ही खांद्यांवर तांदळाचा एकेक दाणा पाण्यानं चिकटवायचा, प्रश्न विचारायचा आणि वाट बघायची. उजवा दाणा आधी पडला तर होकार, डावा पडला तर नकार. गाभारा इतका लहान की आत एकच माणूस बसतो. बाहेरच्यांना त्याची पाठ दिसते. दाणा कुठला पडला, ते त्यालाच ठाऊक.

लोक लांबून यायचे — उरवड्याहून, लवळ्याहून. कुणाचं पोर दूध पीत नाही, कुणाच्या बाईला झोप नाही. मी अंगारा लावायचो, देवीला हाक मारायचो. मनापासून मारायचो, हेही खरं. बरेच जण बरे व्हायचे. बरा झालेला माणूस आधी देवीच्या पाया पडायचा आणि मग माझ्या. ते दुसरं पाया पडणं मला कधीपासून हवंसं वाटायला लागलं, ते कळलंच नाही... कळलं नाही कसं? कळत होतं.

पंधरा वर्षांपूर्वी माझ्या बायकोच्या, पारूच्या छातीत गाठ आली. तिनं ती आधी सुनेला दाखवली, मला नाही. सुनंदाच्या लग्नाला तेव्हा तीन वर्षं झाली होती. सासू-सुनेचं असं गूळपीठ, की भातलावणीला दोघी चिखलात उभ्या राहून हसत असायच्या. "आत्या, तुमची रोपांची वळ बगा, सापावानी चाललीया," सुनंदा म्हणायची. "तुज्या सासऱ्यानं नांगरलंय, सरळ कुटनं व्हईल?" पारू म्हणायची. मी बांधावरून ऐकायचो.

पौडच्या डॉक्टरांनी तपासलं आणि सांगितलं, वेळ घालवू नका, उद्याच पुण्याला न्या. माझ्या मुलानं, दत्तूनं, मित्राची जीप ठरवली. पारू म्हणाली, "देवी म्हणंल तसं." ती असंच म्हणणार, हे मला माहीत होतं.

सकाळी देवळाच्या ओट्यावर पंधरा-वीस माणसं होती. जीप खाली उभी होती. मी आत बसलो, दाणे लावले आणि विचारलं — आई, हिला इथंच, तुझ्या पायाशी बरी करतेस का?

इथं मी दरवेळी थांबतो. पंधरा वर्षं मनातल्या मनातसुद्धा याच्या पुढं गेलेलो नाही. दाणे लावले, प्रश्न विचारला, आणि मग एकदम जीप माघारी गेलेली आठवायची. मधलं वगळायचं. आज वगळत नाही.

डावा पडला.

लगेच पडला. एवढं स्वच्छ उत्तर देवीनं मला क्वचितच दिलं असेल — इथं नाही, ने तिला. मी तो दाणा अंगठ्याखाली दाबला. उजवा नखानं पाडला. आणि मागं न वळता म्हणालो, "उजवा दिला."

का? पारूला कापतील, या विचारानं मी घाबरलो होतो, असं म्हणता येईल. थोडं खरंही आहे. पण अंगठा खाली गेला तेव्हा डोक्यात दुसरंच होतं. माझीच बायको दवाखान्यात गेली, तर उद्यापासून या ओट्यावर कोण येईल?

जीप माघारी गेली. मी एकवीस दिवसांचं अनुष्ठान मांडलं. उपास केले, देवीपुढं डोकं आपटलं, रडलो. खोटं रडलो नाही. पण ज्या तोंडानं तिचा शब्द फिरवला, त्याच तोंडानं तिला विनवत होतो. काय मागत होतो मी? तिनं सांगितलं ते करायचं नव्हतं, आणि मी केलेलं तिनं निस्तरावं असं वाटत होतं. याला प्रार्थना म्हणतात का? तिचं काम तिनं पहिल्याच दिवशी केलं होतं. उरलं होतं ते माझं — बायकोला उठवायचं आणि जीपमध्ये बसवायचं.

एकदा पारूनं विचारलं, "अवं, खरंच उजवा पडला व्हता?"

मी म्हणालो, "देवीवर संशय घेतीस?"

तिनं पुन्हा कधी विचारलं नाही.

गाठ चिघळली. लोक कुजबुजायला लागले. देवीनं होकार दिला, मग हे काय? मला उत्तर हवं होतं, आणि ते मी घरातच शोधलं. अनुष्ठानाच्या दिवसांत सुनंदाची पाळी आली होती, ती बाजूला बसली होती. घरात दुसरं कुणी नसताना पारूला ठसका लागला. सुनंदानं उठून तिला पाणी दिलं. हे तिनंच मला भाबडेपणानं सांगितलं होतं. मी ओट्यावर, सगळ्यांसमोर म्हणालो, देवीचा शब्द खरा होता, आमच्या घरात विटाळ झाला. नाव घेतलं. सुनंदा तिथंच पायरीपाशी उभी होती. तिनं पदर तोंडाला लावला, आणि मी दुसरीकडं बघितलं.

पारूनंही ते खरं मानलं. नवऱ्याचं नाही मानायचं तर कुणाचं मानायचं तिनं? चार महिन्यांत ती गेली.

गावानं सुनंदाला तोंडावर काही म्हटलं नाही. पाठीमागं म्हटलं. तिनं मंगळवार धरले, पायातली चप्पल सोडली. आणि मला वेळेवर चहा, वेळेवर भाकरी. "मामा, गोळी घ्येतली का?" रोज विचारायची. रोज मी "व्हय" म्हणायचो. त्यातल्या कुठल्याही दिवशी सांगता आलं असतं.

गेल्या मंगळवारी ती माझ्यापुढं येऊन उभी राहिली. म्हणाली, "मामा, माजा कौल लावा." तिच्याही छातीत गाठ आहे. तीन महिने लपवली होती. दत्तू पुण्याला चल म्हणून मागं लागलाय, ती हलत नाही. "आत्यांचं माज्यामुळं झालं. त्याचंच हे फळ हाय. देवी जा म्हणाली तर जाईन, न्हाईतर भोगीन."

आता हेही लिहितो. माझ्या मनात पहिल्यांदा काय आलं? की देवळात जावं, नखानं उजवा पाडावा आणि 'जा म्हणते' असं सांगावं. ती गेली असती. मला काहीच सांगावं लागलं नसतं. मी उठलो होतो, टोपीसुद्धा घातली होती.

मग सांगितलं. उभ्यानंच सांगितलं, बसायचं सुचलं नाही. तिनं मध्ये एकच शब्द विचारला, "डावा?" मी म्हणालो, "डावा."

ती मग म्हणाली, "शेवटचं आठ दिवस आत्यांनी माज्या हातचं पानी घ्येतलं न्हाई."

हे मला माहीत नव्हतं. मी त्याच घरात होतो.

तिनं दत्तूला फोन केला, "गाडी घिऊन या, आत्ताच्या आत्ता." तो आला. तिनं त्याला दारातच सगळं सांगितलं. तो माझ्याकडं बघत राहिला. पारू त्याची आई होती. मी त्यांच्या मागं गाडीपर्यंत गेलो, दाराला हात लावला. सुनंदा म्हणाली, "त्यांना ऱ्हाऊ द्या." मी राहिलो.

तपासण्या झाल्यात म्हणे, काय निघालं ते मला कळलेलं नाही. शेजाऱ्यांच्या पोरीनं भाकरी आणून दिली. देवीपुढं बसतो, पण ओठ उघडत नाहीत. सुनंदाला बरं कर, एवढं तरी म्हणावं का? माझ्या तोंडून ते मागणं सुनंदाच्या कामाचं आहे का? अजून म्हटलेलं नाही.

उद्या मंगळवार. ओट्यावर माणसं जमतील. दोष मी तिथं दिला होता, तेव्हा हा कागद तिथंच वाचणार आहे. सगळं वाचून झालं नाही, तर शेवटच्या एवढ्या चार ओळी तरी वाचेन —

दाणा डावा पडला होता. तो मी लपवला. पारू त्यामुळं गेली. सुनंदानं तहानलेल्या माणसाला पाणी दिलं, बाकी काही केलं नाही.