विश्राम गवंड्याची चंद्रावाडी

मुळशी धरणाच्या पाण्यापलीकडं, डोंगराच्या कुशीत विश्राम ढमाल्याचं गाव. पौडपासून वर धरणापर्यंत पुण्यामुंबईच्या लोकांनी जे बंगले बांधले, त्यातल्या कितीतरी बंगल्यांच्या जोत्यावर विश्रामचा हात फिरलेला. मिस्तरी म्हणून त्याचं नाव होतं. मालक नकाशा घेऊन आला की विश्राम आधी त्या जागेवर नुसता फिरायचा. पावसाचं पाणी कुठून येतं आणि कुठं जातं ते बघायचा, आणि मगच पायाच्या आखणीला चुन्याची फक्की मारायला सांगायचा. "पान्याला इचारल्याबिगर घर बांधू नये," असं त्याचं म्हणणं.

एका बंगल्याच्या मागच्या भिंतीला गिलावा चालू असताना परांची सुटली. विश्राम खाली आला तो पाठीवर. दवाखाना झाला, ऑपरेशन झालं, पण कमरेखालचा देह काही परत त्याच्या ताब्यात आला नाही. तेव्हापासून चाकाची खुर्ची आणि ओसरी. पन्नाशीही न गाठलेला माणूस दिवसभर समोरच्या डोंगराकडं तोंड करून बसायला लागला.

बायको चंद्राबाई खंबीर. भाताची खाचरं, म्हैस, नवऱ्याचं अंथरूण-पांघरूण, सगळं एकहाती ओढत होती. पण दोघांमधलं बोलणं आटून गेलं. "जेवता का?" "व्हय." "लाईट घालवू?" "घालव." एवढ्यावर दिवस मावळायचा. भांडणसुद्धा होत नव्हतं. भांडायचं तर काहीतरी व्हायला पाहिजे; त्या घरात काही होतच नव्हतं.

विश्रामची पुतणी अपेक्षा हिंजवडीत एका कंपनीत नोकरीला होती आणि जवळच्या जांबे गावात खोली घेऊन राहायची. लहानपणी काकाच्या खांद्यावर बसून तिनं बंगल्यांची कामं बघितलेली. काकाचं हे रूप तिला बघवेना. एका रविवारी ती आपला जुना कॉम्प्युटर गाडीत घालून घेऊन आली आणि त्यात तिनं एक गेम टाकून दिला. रीतसर विकत घेतलेला, अस्सल. गेममध्ये मोकळी जमीन मिळायची, मधून एक नदी, आणि तिथं आपण गाव वसवायचं. रस्ते, गटारं, घरं, शाळा, बाजार.

"मला काय कळतंय त्यातलं?" विश्राम म्हणाला.

"काका, तुम्हाला कळत नाही तर कुणाला कळतं? नुसता हा माऊस धरा. इंग्रजी वाचू नका, चित्रं बघा."

विश्रामनं माऊस धरला. आधी त्यानं काय केलं, तर नदीच्या काठानं सगळी जमीन फिरून बघितली. उतार कुठं आहे, पाणी कुठं साचेल. अपेक्षा बघतच राहिली. मग त्यानं पहिली रेघ ओढली ती रस्त्याची नव्हे, गटाराची. त्या दिवशी चंद्राबाईनं चार हाका मारल्या तेव्हा कुठं तो जेवायला वळला.

गावाला नाव द्यायचं आलं तेव्हा तो घुटमळला. अपेक्षाच्या कानात काहीतरी म्हणाला. तिनं हसत हसत इंग्रजी अक्षरं टाइप केली. चंद्राबाईला ती अक्षरं वाचता येईनात.

"काय लिवलं गं?"

"काकू, चंद्रावाडी."

चंद्राबाई पदर तोंडाला लावून आत गेली आणि चुलीशी उगाच लाकडं मागंपुढं करत बसली.

हळूहळू ती येऊन उभी राहायला लागली. आधी दारात, मग खुर्चीच्या मागं, मग शेजारी पाट टाकून. एकदा म्हणाली, "आवं, बाजार यवढ्या लांब व्हय? बायांनी डोक्यावर पाट्या घिऊन कुटवर चालायचं? यस्टी स्टँडच्या म्होरं घ्या की."

"तितं घेतला तर गर्दी व्हती."

"व्हऊ द्या. बाजारात गर्दी न्हाई तर काय मसनवटीत आसावी?"

विश्राम हसला. पडल्यापासून पहिल्यांदा. त्यानं बाजार उचलला आणि स्टँडसमोर नेला. त्यानंतर चंद्रावाडीतलं प्रत्येक काम दोघांच्या विचारानं व्हायला लागलं. शाळा उंचवट्यावर, कारण खाली नदीचं पाणी चढलं तर? दवाखाना मधोमध. कारखाना पार पलीकडं, वारा उलट दिशेला वाहतो त्या अंगाला. पडद्यावर मुंगीएवढी माणसं चालायची. त्यातली लाल लुगड्यातली एक बाई चंद्राबाईनं हेरून ठेवली होती. "ती बगा, आज उशिरा निगाली कामाला," असं ती म्हशीची धार काढून आली की सांगायची. ती दरवेळी तीच बाई असायची की दुसरी, कुणास ठाऊक. दोघांनाही त्याचं काही नव्हतं. खाचरातनं येता येता चंद्राबाईच्या डोक्यात चालू असायचं, की नदीपलीकडच्या घरांना पाणी कसं न्यायचं. आल्या आल्या ती पाय न धुता ते सांगायची आणि मग दोघं हुज्जत घालायची, अगदी पूर्वीसारखी.

या सगळ्यात एक खोट होती. खेळणारा विश्राम एकटा, कॉम्प्युटर त्याच्या घरात. पण इंटरनेट असल्याशिवाय गेम उघडायचाच नाही. कुणी चोरून खेळू नये म्हणून कंपनीनं तशी व्यवस्था केलेली. गेम उघडला की तो आधी सातासमुद्रापलीकडच्या कंपनीच्या मशीनला विचारायचा, हा माणूस खरा का? खेळ चालू असतानाही मिनिटामिनिटाला हे विचारणं चालूच. आणि वसवलेलं गाव जपून ठेवायचं तेही त्यांच्याच मशीनवर. घरातल्या कॉम्प्युटरवर चंद्रावाडीची एक वीटही नव्हती.

डोंगराच्या पोटातल्या गावात नेट म्हणजे नवसानं मिळायची गोष्ट. टॉवर पलीकडच्या डोंगरावर. चंद्राबाईनं फोन पिशवीत घालून खिडकीच्या वरच्या गजाला टांगला, की तेवढ्या जागी रेंज यायची. वारा सुटून पिशवी हलली की पडदा काळा पडायचा, मधोमध एक चाक फिरत राहायचं, आणि मग गेम विश्रामला बाहेर काढायचा. पुन्हा आत गेलं की मधलं काम पुसलेलं. नदीवरचा पूल त्यानं मोठ्या निगुतीनं उभा केला होता. खांब कुठं घ्यायचे यावर दोघांची दोन दिवस चर्चा झालेली. शेवटची कमान बसली आणि रेंज गेली. परत आला तर नदी मोकळीच वाहत होती.

त्यानं अपेक्षाला फोन लावला. "अगं, पूल ग्येला."

"काका, सर्व्हरशी कनेक्शन तुटलं असेल. सेव्ह व्हायच्या आधी."

"पर मी हितं एकलाच खेळतुया ना? कुनाचं काय घेत न्हाई, कुनाला काय मागत न्हाई. मग घडीघडीला त्यास्नी कशापाय इचारायचं?"

"कॉपी होऊ नये म्हणून केलंय त्यांनी. चोरीच्या भीतीनं."

"आपुन काय चोर हाय व्हय? तू तर इकत घेतलाय."

काकाला खूश करायला अपेक्षानं गेम आणला होता आणि आता फोन वाजला की, आज काय गेलं असेल, असंच तिच्या मनात यायचं. तिनं कंपनीला तक्रार लिहिली. उत्तर आलं, की आपलं इंटरनेट तपासून पाहावं.

विश्रामनं पूल पुन्हा बांधला. पावसाळ्यात टॉवर आठवडाआठवडा झोपायचा, तेव्हा तो काळ्या पडद्यासमोर बसून राहायचा, आणि चंद्राबाई छत्री घेऊन अंगणात जाऊन पलीकडच्या डोंगराकडं बघून यायची. टॉवर बघून रेंज येते थोडीच. पण दुसरं करण्यासारखं काही नव्हतं. असं करत करत चंद्रावाडी मोठी झाली. नदीच्या दोन्ही काठांनी घरं, पुलावरनं गाड्या, संध्याकाळी रस्त्यावर दिवे.

आणि मग एक दिवस गेम उघडल्यावर गावाऐवजी इंग्रजीत मोठा मजकूर आला. विश्रामनं त्याचा फोटो अपेक्षाला पाठवला. तिचा फोन यायला बराच वेळ लागला.

"काका, कंपनी गेम बंद करतेय. खेळणारे कमी झालेत म्हणे. सर्व्हर काढून टाकणार."

"मंग आपलं गाव?"

"ते... त्यांच्याकडंच आहे ना सगळं."

"मला दिऊन टाका म्हनावं. ठिवतो मी हितं."

अपेक्षानं तसं लिहिलं. माझे काका अपंग आहेत, त्यांचं गाव तेवढं उतरवून द्या, असं अगदी विनवून लिहिलं. उत्तर आलं ते मशीननं धाडलेलं. आमच्या परिवाराचा भाग झाल्याबद्दल आभार, आमचे नवे गेम जरूर पाहा.

"परिवार म्हनं!" चंद्राबाई कडाडली. "घरातल्या मानसाचं घर आसं पाडत्यात व्हय?"

बंद व्हायचा दिवस नेमका गुरुवार आला. गुरुवारी त्या भागात दुरुस्तीसाठी लाईट जाते, आणि लाईट गेली की टॉवरही गेला. म्हणजे शेवटचं बघणंसुद्धा नशिबात नव्हतं. अपेक्षा म्हणाली, "माझ्याकडं या. इथं नेट जात नाही. शेवटचा दिवस आपण सगळे मिळून बघू." तिनं रजा टाकली. गावातल्या एकाच्या जीपमध्ये विश्रामला उचलून बसवलं, खुर्ची मागं बांधली. चंद्राबाईनं ठेवणीतलं लुगडं नेसलं होतं. कुणी विचारलं असतं कुठं निघालात, तर काय सांगायचं, हे तिला वाटेत सुचलं नाही.

पौड मागं पडलं, घोटावडे फाट्याला जीप वळली. माण गावाच्या पुढं हिंजवडीतल्या काचेच्या इमारती दिसायला लागल्या तसा विश्राम मान वर करून बघत राहिला. "यवढं बांदलंय," तो पुटपुटला, "आन पान्याला जागाच ठिवली न्हाई."

जांब्यात अपेक्षाच्या शेजारच्या खोलीतला कौस्तुभ वाट बघत उभाच होता. लिफ्ट बंद. त्यानं आणि जीपवाल्यानं विश्रामला खुर्चीसकट जिन्यानं वर नेलं. अपेक्षानं कॉम्प्युटर लावून ठेवलेला. नेट इतकं जोरात, की विश्रामच्या गावात वर्षभराचं नेट गोळा केलं तरी तेवढं भरलं नसतं. तिनं गेम उघडला.

पडद्यावर चंद्रावाडी आली नाही. एक पाटी आली.

"काय म्हंतंय?" विश्रामनं विचारलं.

अपेक्षानं पाटी दोनदा वाचली. "जगातले सगळेच आज शेवटचं बघायला आलेत, काका. गर्दी झालीय. रांगेत थांबा म्हणतात."

"थांबू की."

थांबले. कौस्तुभनं चहा आणला. पाटी हलली नाही. ऊन खिडकीतनं फरशीवर आलं, फरशीवरनं भिंतीवर चढलं. चंद्राबाई पडद्यासमोर हात जोडल्यासारखी बसून होती. मधेच म्हणाली, "अपेक्षा, आमी आमच्याच गावच्या येशीवर हाये, आसं सांगून तरी बग."

"कुणाला सांगू काकू? तिकडं माणूसच नाही कुणी."

दिवेलागणीच्या सुमारास पाटी बदलली. विश्राम पुढं वाकला. अपेक्षा काही वाचून दाखवेना तेव्हा त्याला समजलं, की गेम बंद झाला.

मग कौस्तुभ दबकत म्हणाला, "काका, मी तुम्हाला क्रॅक टाकून देतो. म्हणजे या गेमचं लॉक तोडलेली कॉपी. नेटवर आहे. तिला इंटरनेट लागत नाही, काही नाही. कायम चालेल."

"म्हंजी ज्यांनी चोरला, त्यांचा चालू ऱ्हानार?"

"हो."

"कवापासनं हाय ही?"

"आहे... पहिल्या वर्षापासून."

चंद्राबाई म्हणाली, "चोर सोडून संन्याशाला फाशी."

"त्यात आमची चंद्रावाडी आसंल?" विश्रामनं विचारलं.

"नाही काका. नवीन जमीन मिळेल. रिकामी."

कौस्तुभनं ती कॉपी पेनड्राइव्हवर भरून दिली आणि घरच्या कॉम्प्युटरवर कशी टाकायची ते विश्रामला दाखवलं. चांगला पोरगा, त्याच्या हातात होतं तेवढं त्यानं केलं. गावी परत आल्यावर विश्रामनं ती उघडली. फट्‌दिशी उघडली, ना चाक ना पाटी. तीच हिरवी जमीन, मधून नदी. त्यानं काठानं एक फेरी मारली. गटाराची एक रेघ ओढली. थोडी घरं बसवली. चंद्राबाई पाट घेऊन आली, बसली. बाजार कुठं घ्यायचा, असं विश्रामनं विचारलं.

"घ्या तुमाला वाटंल तितं," ती म्हणाली.

त्यानं बाजार स्टँडसमोर घेतला. रस्त्यावर माणसं चालायला लागली. दोघांनी थोडा वेळ त्यांच्याकडं बघितलं. मग म्हैस हंबरली आणि चंद्राबाई उठून गेली. दुसऱ्या दिवशी भाताला पाणी होतं, तिसऱ्या दिवशी आणखी काही. विश्राम एकटाच बसायचा, माऊसवर हात ठेवून. गावाचं नाव विचारणारी चौकट त्यानं कोरीच ठेवली होती. पुढंपुढं त्यानं कॉम्प्युटर चालू करायचंच सोडलं. खुर्ची पुन्हा ओसरीवर, तोंड डोंगराकडं.

अपेक्षाचा दर रविवारी फोन येतो. "काका, खेळता ना?" ती विचारते. आवाजात एक भीती असते तिच्या.

"खेळतुया की," विश्राम सांगतो. "लई मोटं झालंय गाव. आत्ता पुलाचं काम काडलंय."

आतल्या खोलीत चंद्राबाई तांदूळ निवडत असते. ती ऐकते, आणि फोन तिच्याकडं आला की तीही तेच सांगते.