मावशीने टाइप केलेली घंटा

माझी मावशी टायपिस्ट होती आणि तिचा एकच तोरा होता: समोरच्या कागदावर असेल तेच उमटणार, माशीला माशी. साहेबाची चूकसुद्धा ती जशीच्या तशी टाइप करून त्याच्या हातात ठेवायची. अशा बाईने आयुष्यात चारच ओळी पदरच्या घातल्या आणि नेमक्या त्याच सगळ्या शहराला पाठ झाल्या.

आमच्या शहरातल्या पुरावरची ती जाडजूड कादंबरी तिनेच टाइप केली. एका पानावर लेखकमहाशयांचा चहा सांडला होता, शेवटच्या चार ओळी पार धुऊन गेलेल्या. महाशय परगावी, छापखान्याची घाई. मावशीने लिहून टाकलं, की कारखान्याचा पहारेकरी गळ्याशी पाणी येईपर्यंत घंटा वाजवत राहिला आणि ती ऐकून माणसं बाहेर पडली. महाशय परत आल्यावर सांगायचंच होतं. पण त्यांनी ते पान वाचलं आणि म्हणाले, "वा, हे बरं जमलंय मला." मावशीची जीभच उचलेना.

खरं काय ते तिला पक्कं माहीत होतं. पहारेकरी फाटकाला कुलूप घालून पळाला होता. घंटा वाजलीच नव्हती. आत अडकलेल्यांत माझे आजोबा होते. मावशी तेव्हा अकरा वर्षांची, माझी आई पाच. पाणी ओसरल्यावर मावशीने ते कुलूप स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं.

पुढे टॅक्सीवाले पाहुण्यांना घंटेची जागा दाखवू लागले. पुरानंतर जन्मलेली माणसंही ती ऐकल्याचं छातीठोकपणे सांगत. मावशी तेवढ्यापुरती चष्मा पुसत बसायची. पण गेल्या महिन्यात नगरपालिकेने जाहीर केलं, की शुक्रवारी फाटकापाशी पहारेकऱ्याच्या स्मरणार्थ दगड बसणार. त्या दिवशी तिने मला सगळं सांगितलं, आणि तेव्हापासून तिचा पाय एका जागी ठरेना. भाजी चिरता चिरता उठायची, दार उघडून रस्त्याकडे बघायची, परत येऊन बसायची, की पुन्हा उठायची. मला तिचा रागच आला.

"चाळीस वर्षं मूग गिळून बसलीस, मग आता कशाला?"

"पुस्तकातलं होतं तोवर ठीक होतं गं. बाबांना कोंडून पळालेल्याला आता हार घालणार. आणि त्याला मोठं केलं कुणी? मी."

गुरुवारी सकाळी तिने माळ्यावरचं मशीन खाली काढायला लावलं आणि नगराध्यक्षांना पत्र टाइप केलं, कार्बन लावून, तीन प्रती. सहीआधी पहिली प्रत आईपुढे धरली. बहिणीला न दाखवता द्यायला तिचं मन धजेना.

आई चष्मा शोधू लागली. शोधता शोधता बोलत राहिली. "घंटेबद्दल लिहिलंयस ना, ताई? बरं केलंस. मी ऐकलीये ती. छपरावर तुझ्या मांडीत होते बघ. बाबांनीही ऐकली असणार. दुसऱ्यांना बाहेर काढत बसले म्हणून राहिले मागे. तेवढ्यावर तर मी इतकी वर्षं काढली."

चष्मा सापडला. आईने हात पुढे केला. मावशीने पत्राची घडी घातली.

"बराच वेळ वाजत होती ना गं?" आईने विचारलं.

"हो," मावशी म्हणाली. "बराच वेळ."

शुक्रवारी दगड बसला. मावशीने आईला हाताला धरून नेलं, पहिल्या रांगेत बसवलं, आणि स्वतः मात्र शेवटपर्यंत फाटकाबाहेर येरझाऱ्या घालत राहिली, जिथे तिने कुलूप पाहिलं होतं तिथे.