साठ वर्षांपूर्वीची सही घेऊन तिवस्याला

"वासुदेव बोलून राहिलो, होस्टेलातला. राजेसाहेब, एकदा येऊन जा तिवस्याले."

साठ वर्षांनी तोच आवाज. हो म्हणालो, फोन ठेवला आणि खुर्चीतच बसून राहिलो.

सकाळी जठारपेठेतून ऑटोनं अकोल्याचं बसस्थानक गाठलं. पंचाहत्तरीपुढच्यांना एसटी फुकट आहे, फक्त आधार कार्ड जवळ ठेवा. माझं हातातून दोनदा पडलं.

"काहून घाबरून राहिले आजोबा? शून्याचं तिकीट हाय, फाशीचा हुकूम नाही," कंडक्टरबाई म्हणाल्या. आसपासचे हसले. मला मात्र एक हुकूमच आठवला.

अमरावतीच्या शाळेत आम्हाला एका इंग्रज उमरावाचं चरित्र होतं. राजाचा उजवा हात, कारभारात कडक, म्हणून पार्लमेंटच्या डोळ्यात सलणारा. राजानं वचन दिलं, तुझ्या केसालाही धक्का लागणार नाही. बाहेर जमाव खवळला, तेव्हा त्याच राजानं त्याच्या मृत्युदंडावर सही केली. उमरावानं मात्र आधीच पत्र लिहून राजाला वचनातून मोकळं केलं होतं. गुरुजींनी त्याचं नाटक बसवलं. मी राजा, वासुदेव उमराव.

मूर्तिजापूर मागे पडलं. रस्ता आता चौपदरी, पोटातलं पाणी हलत नाही. घाबरलो की शाळेतल्या कविता पुटपुटायची माझी जुनी सवय. त्या दिवशी एकाही कवितेचं दुसरं कडवं आठवेना.

वसतिगृहात संध्याकाळची हजेरी वर्गनायक मांडायचा आणि खाली सही करायचा. तिसरी गैरहजेरी म्हणजे वळकटी बांधून घरी. वर्गनायक मी. एकदा आम्ही दोघं संत्र्याच्या बागेत तालीम करत बसलो आणि घंटा झाली. वासुदेव पत्राचं भाषण अर्धवट सोडेना. मी धावत सुटलो. समोर रेक्टर उभे. स्वतःपुढे हजर लिहिलं, त्याच्यापुढे गैरहजर, खाली सही. त्याची ती तिसरी होती. शाळा सुटली ती कायमची. तो निघताना मी त्याला सांगितलं, आज हजेरी रेक्टरनंच घेतली.

अमरावतीत उतरलात तर दह्यात भिजलेला गिला वडा चुकवू नका. मी मात्र अर्धाच खाऊन उठलो. नागपूर रस्त्यानं तिवसा तासाभरावर. तो तास फार लवकर संपला.

वासुदेव फाटकातच उभा होता. "चाय ठेव वो, राजेसाहेब आले," त्यानं सुनेला हाक दिली. चहा हातात आला आणि मी बोलून टाकलं.

"वासुदेव, ती गैरहजेरी रेक्टरनं नाही, मी मांडली होती."

त्यानं बशीतला चहा सावकाश संपवला. "माहीत हाय. खिडकीतून पाहून राहिलो होतो मी."

"मग बोलला काहून नाही?"

"तू कवा सांगतं, ते पाहत होतो. लय उशीर केला लेका."

"माफ कर."

"त्या उमरावानं राजाले कागद लिहून मोकळं केलं. मी नाही करत." आवाज करडा होता. सून दारातच थबकली. "मोकळं केलं त पुन्हा कायले येशील तू? संत्र्याची तोड आली की ये."

परतून आठ दिवस झाले. भीती गेलेली नाही, तिनं जागा बदलली. इतकी वर्षं वाटायचं, त्याला कळेल. आता वाटतं, तोड येईपर्यंत आम्ही दोघं असू ना? आधार कार्ड पिशवीच्या वरच्या कप्प्यात ठेवलंय.